पाण्यावर चालणारा पक्षी

माझा पाडा (वस्ती) मोखाड्याच्याही पलीकडे, डोंगरात. आमच्याकडे पाणी थांबत नाही. वरून येतं, खाली जातं. म्हणून बायको एकदा जव्हारच्या बाजारात हिरडा विकून आली आणि म्हणाली, “तळ्यात पक्षी पाण्यावर चालत होता, शेपटी विळ्यासारखी,” तेव्हा मी चार माणसांत तिला खोटारडी म्हणालो. माणसं हसली. तिनं पुन्हा तळ्याचं नाव काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता सर्वपित्रीला तिची पहिली पत्रावळ ठेवायची होती. आमच्या पाड्यात पत्रावळ ठेवताना मेलेल्याशी झालेलं भांडण उघड बोलून मिटवतात, नाहीतर ते माणूस जेवत नाही म्हणतात. आमचं भांडण हे एकच. खोटं कोण ते बघायला मी भाद्रपदात पावसासाठी इरलं घेऊन निघालो.

वाटेत ओढ्यात पाय घसरला, नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी भिजल्या. तशाच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जव्हार आलं. राजेसाहेबांच्या वाड्याजवळ शिपायानं हटकलं.

“तळं कुठं आहे?” मी विचारलं.

“तळ्यात काय बघायचं, म्हातारबा? वाडा बघा.”

वाडा काही चालत नाही. मी तळ्याकडे वळलो.

तळं गावाला लागूनच. एका अंगाला धुण्याचे दगड, दुसरीकडे म्हशी, म्हशींवर बगळे. खंड्या फांदीवरून सुटला आणि मासा घेऊन वर आला. गवतावर लाल चतुर बसत, उडत, परत त्याच काडीवर येऊन बसत. अर्धा फेरा झाला. काठाशी लांब पायांचे किडे पाण्यावर पळताना दिसले, पाय न भिजवता. असले किडे ओढ्यालाही असतात. म्हटलं, झालं. म्हातारीनं किड्याचा पक्षी केला. म्हणजे मी खरा. खरा ठरून काही बरं वाटलं नाही. तरी परत घराकडे निघालो.

धुणं धुणाऱ्या बाईनं विचारलं, “बाबा, काही हरवलं का?”

“पक्षी बघायचा होता. पाण्यावर चालणारा.”

“मग बसा की. माणसाला जमत नाही म्हणून पक्ष्यानं चालू नये होय?”

बसलो. तिचं धुणं पिळून झालं तेव्हा तिनं पलीकडे कमळांत बोट दाखवलं. पांढरे पंख, मानेवर पिवळं, मागं लांब काळी शेपटी, खाली वाकलेली. लांब लांब बोटं टाकत तो निवांत चालला होता. मागं चिमुकली पिल्लं.

“हा तर कमळाच्या पानांवरून चालतोय,” मी म्हणालो.

“खाली पाणीच आहे ना? बुडाला का?”

“नाव काय याचं?”

“नाव कशाला लागतंय? दिसला ना?”

तिनं पिळे डोक्यावर घेतले आणि ती गेली. मी ऊन चढेपर्यंत बसलो. पक्षी कधी उडाला, कधी पानाआड गेला. बुडाला नाही.

घरी आलो. सर्वपित्रीला मी त्याच चार माणसांना बोलावलं. पत्रावळ ठेवली आणि त्यांच्यासमोर म्हणालो, “पक्षी चालतो. शेपटी विळ्यासारखी आहे. खोटा मी.”

“तूही का रे, म्हाताऱ्या?” एकानं म्हटलं आणि सगळे हसले.

हसू दिलं. हेच हसणं तेव्हा तिनं एकटीनं ऐकलं होतं. मग मी भात वाढला.