मारुतीच्या रांजणातले पैसे

"मी न्हाई पाहत. देव पाहतो."

मारुतीला वाहिलेला पैसा घेताना आमचे गुरवबाबा डोळे गच्च मिटायचे आणि हेच म्हणायचे. पैसा तळहातावर पडला की कपाळाला लावायचा, "पावलं!" म्हणायचं आणि मूर्तीमागच्या रांजणात सोडायचा. कोणी काय दिलं हे पुजाऱ्यानं पाहिलं, तर गरिबाला संकोच वाटतो आणि मोठ्याला माज चढतो, असं त्यांचं म्हणणं. "बाबा, देवासंगं आंधळी कोशिंबीर खेळून राह्यले का?" अशी थट्टा आम्ही करायचो. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच. त्याची थट्टा जरा जपून करा.

मी गावचा शिंपी. माझं मशीन देवळासमोरच्या पडवीत, त्यामुळे उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बाबा माझ्या डोळ्यांसमोर. त्यांच्याकडे एकच उपरणं होतं. ते फाटलं की माझ्यापुढे धरायचे. "शिंपीदादा, एकच टाका घाला. जास्ती नको."

"अहो, चार घालतो, टिकेल तरी."

"नको. मंग तुमच्याकडं यायला निमित्त काय?"

त्या उपरण्यात मूळचं कापड कमी आणि माझे टाके जास्त झाले होते.

बाबांना गावाचा भारी अभिमान. भोकरदनच्या बाजारात कोणी आमच्या गावाला नावं ठेवली, की हा एरवी मवाळ माणूस उसळून उठायचा. "आमचं गाव भांडतं, कबूल. बांध कोरतं, तेबी कबूल. पण देवाला खोटं देत न्हाई. बिलकुल न्हाई!" आम्ही शेजारी उभे असलो की माना डोलवायचो. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. बाजारात हाली सिक्का चालायचा. तांब्याची जुनी नाणी, शिवराया आणि ढब्बू पैसे, केव्हाच बंद पडली होती, पण मारुतीच्या रांजणात ती पिढ्यान्‌पिढ्या साठलेली. देवळाचं छत गळायला लागलं तेव्हा पाटलांनी औरंगाबादचे एक वकीलसाहेब शोधून काढले. त्यांना जुन्या नाण्यांचा शौक. अक्षर नीट उमटलेली शिवराई मिळाली तर तिला चांदीचा रुपया मोजायला ते तयार होते. पाटलांनी दवंडी दिली आणि सगळा गाव पारावर जमला.

रांजण घोंगडीवर पालथा केला. गंगाआत्यानं नाणी घासायला चिंच भिजवून आणली होती. वकीलसाहेब घाईनं म्हणाले, "ना बाई, चिंच लागली तर अक्षरं जातील." आत्या पुटपुटली, "घ्या! आता पैसाबी पारोसाच पाहिजे."

बाबा नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते. "साहेब, निवांत निवडा. एक पैसा खोटा निघायचा न्हाई."

साहेबांनी डोळ्याला भिंग लावलं. खरं नाणं निघालं की उजवीकडे, बाकीचं डावीकडे. उजवीकडे काही पडलं की बाबा आमच्याकडे बघून मान हलवायचे. पण डावीकडचा ढीग वाढतच चालला. शिशाच्या चकत्या. ठोकून चपटा केलेला खिळा. पानाच्या डब्याच्या झाकणाचा कातरलेला तुकडा. जालन्याच्या जिनिंगमधलं लोखंडी वायसर. एक तर चक्क पितळी बटन निघालं.

ते बटन बघून चार जण माझ्याकडे वळले. शिंपी मीच ना! पण शिंप्याला स्वतःचं काम ओळखू येतं. ते पाटलांच्या कोटाचं बटन होतं. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात मीच लावलं होतं. मी पाटलांकडे पाहिलं. पाटील पिंपळाकडे पाहत होते.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "पुजारीजी, हा रांजण कोणाच्या ताब्यात असतो?"

"माझ्याच, साहेब."

"मग असली माल गेला कुठं?"

बाबांना आधी प्रश्नच कळला नाही. ते हसले. मग कळला, आणि ते आमच्याकडे वळले. खरे पैसे लंपास करून बाबांनी खोटे भरले, असा साहेबांचा हिशेब. आम्हाला मात्र ठाऊक होतं. दुकानदारानं खोटा म्हणून परत केलेला पैसा, वाटेत सापडलेली चकती, हे सगळं शनिवारी कुठं जातं ते आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबा काही पाहत नव्हते ना!

पण बोलायचं कोणी? बोलायचं म्हणजे 'मी देवाला खोटा पैसा दिला' हे चारचौघांत सांगायचं. आणि पाटील, त्याच कोटात उभे राहून, म्हणाले, "असं असंल तर पूजेला दुसरा माणूस पाहावा लागंल."

पूजा गेली तर बाबांकडे उरणार काय? ते एकटे माणूस, देवळाच्या ओवरीतच राहायचे. तरी ते कोणाकडे बोट दाखवेनात. फक्त त्या ढिगाकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी आमचं देणं पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तेवढ्यात गंगाआत्या उठली. ढिगातून एक गोल बिल्ला उचलला आणि साहेबांच्या नाकासमोर धरला. "हे माझं हाय. माझ्या म्हशीच्या गळ्यातलं. म्हैस मेली, तवा देवाला टाकलं. बाबांनी न्हाई चोरलं काही. हे टाकलं मी, अन्‌ ते वायसर त्या..."

"आत्या, बास!" बाबा एवढ्या जोरात ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. "नाव घेऊ नका कुणाचं."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून ढिगावर पसरलं. एखाद्याची अब्रू झाकावी तसं. मग पाराला टेकून बसले आणि डोळे गच्च मिटले.

"घ्या आपापलं काढून. मी न्हाई पाहत."

पुढचं वाक्य त्या दिवशी त्यांनी गिळलं.

साहेबांनाही उमगलं असावं. ते पाठ फिरवून पिंपळामागे जाऊन उभे राहिले. एकेक जण खाली मान घालून येई, उपरण्याखाली हात घाली आणि मूठ झाकून निघून जाई. मीही गेलो. काय उचललं ते विचारू नका. सगळ्यांत शेवटी पाटील आले. त्यांचा हात बराच वेळ आत चाचपत होता.

बाबांनी डोळे उघडले तेव्हा उपरणं जवळजवळ सपाट झालं होतं. उरलं ते मेलेल्या माणसांचं. ते त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवलं. निवडलेल्या शिवरायांवर छत झालं, पूजा बाबांकडेच राहिली, आणि शनिवारी ते पूर्वीसारखेच डोळे मिटून ओंजळ पुढे करू लागले. भोकरदनच्या बाजारात मात्र गावाचा विषय निघाला की ते पुढे चालू लागायचे.

पुढे ते गेले. उपरणं त्यांच्या अंगावर घातलं, शेवटचा टाका मीच घातला. पिकलं पान म्हणून रिवाजाप्रमाणे तिरडीवरून पैसे उधळायचं ठरलं. गंगाआत्या पुढे झाली. तिनं कनवटीचा पैसा काढला, उलटून पाहिला, पाराच्या दगडावर खणकन वाजवून पाहिला, आणि मग बाबांच्या अंगावरून उधळला. तिच्यामागे सगळा गाव ओळीनं उभा राहिला. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी एकूण एक माणूस त्या दगडापाशी थांबला आणि आपला पैसा वाजवून पाहत राहिला.