हिरडीवरचे टाके

सासूबाईंची खालची कवळी त्यांच्या तोंडात कधी नांदलीच नाही. वरची बरी बसायची. खालची मात्र बोलता बोलता उचलायची. अमेरिकेतल्या आमच्या डब्लिन गावातल्या मराठी मंडळींच्या एका दिवाळीत, पुरीचा घास घेताना, ती सरळ ताटात येऊन पडली. कोणी हसलं नाही. एका काकूंनी तर पटकन ताटावर कागदी नॅपकिन टाकला. पण त्या दिवसापासून सासूबाई चारचौघांत जेवेनाशा झाल्या. "मला भूक नाही गं," म्हणत सोफ्यावर बसून राहायच्या आणि घरी आल्यावर सिंकपाशी उभ्या राहून दूधभात गिळायच्या. साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून, एकुलत्या एका मुलाकडे कायमच्या राहायला आलेली ती बाई. मला ते बघवत नसे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात पक्के करायची पद्धत अमेरिकेत नुकती कुठे येत होती. आमच्या शेजारच्या कोलंबस शहरातले एक सर्जन ती स्वीडनहून शिकून आले होते. नवऱ्याला ऑफिसातून निघता येईना, म्हणून पहिल्या खेपेला सासूबाईंना घेऊन मीच गेले. दुभाषीही मीच, कारण सासूबाईंचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपायचं.

सर्जन मला आवडले. हळू आवाजाचे, घाई न करणारे. कागदावर जबड्याचं चित्र काढून त्यांनी सगळं समजावलं. हिरडी कापून बाजूला करायची, हाडात पाच स्क्रू बसवायचे, हिरडी परत त्यांवर ओढून टाके घालायचे आणि चार महिने सगळं झाकलेलं राहू द्यायचं. मग पुन्हा उघडून दात चढवायचे. छेद कुठे द्यायचा याचाही त्यांनी विचार केला होता. नेहमीची रीत म्हणजे खालच्या ओठाच्या आत, खोलगट जागी. त्यामुळे टाके स्क्रूंच्या थेट वर येत नाहीत. पण तिथे सूज फार येते. सासूबाईंचं वय बघून त्यांनी हिरडीच्या बरोबर माथ्यावर छेद द्यायचं ठरवलं. "हाड आपलं काम करील," ते म्हणाले. "मला काळजी हिरडीची. ती नीट मिटली पाहिजे."

मग नर्स फॉर्म घेऊन बसली. मधुमेह? रक्तदाब? प्रत्येक प्रश्न मी सासूबाईंना विचारत होते, उत्तर तिला सांगत होते. मध्येच तिने कुतूहलाने विचारलं, इंडियात टूथब्रश मिळतात का. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मिळतात, आणि आम्हाला दातही असतात. ती ओशाळली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तंबाखू?

सासूबाई मशेरी लावत. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड रोज सकाळी बोटाने हिरड्यांवर घासायची. दात गेले तरी सवय गेली नव्हती. अमेरिकेला येण्याआधी मुलाने स्वतःच्या गळ्याची शपथ घालून ती सोडवली होती. म्हणजे तसं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात ती ओव्याच्या डबीत लपून आमच्या घरी आली. बेसिनमधले तपकिरी डाग बघून मी ओळखलं, तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "त्याला सांगू नकोस गं. शपथ मोडलीय मी. त्याला काही झालं तर?" तेव्हापासून नवरा उठायच्या आत बेसिन घासायचं काम माझं झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई मला आपलं माणूस समजत होत्या. ते बेसिन मी आनंदाने घासत होते.

तर, तंबाखू? मी सासूबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. "नो," म्हटलं. त्या शपथेपायी म्हटलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. पण टूथब्रशचं विचारणाऱ्या त्या मुलीपुढे, आमच्याकडच्या बायका जळका तंबाखू हिरड्यांना फासतात, हे सांगायची मला लाज वाटली. निम्मं तरी कारण तेच होतं.

ऑपरेशन छान झालं. दोन आठवडे कवळी घालायची नाही, हिरडीला बोट लावायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही. हे सगळं मी सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितलं. चार दिवस त्यांनी पाळलंही. पाचव्या दिवशी सकाळी बेसिनात डाग होता.

"त्याच्याशिवाय पोट साफ होत नाही गं," सुजलेल्या हनुवटीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "अगदी मागच्या बाजूला लावते. टाक्यांना नाही लागू देत."

"जपून हं आई," एवढंच मी म्हटलं, आणि बेसिन घासायला घेतलं. तेव्हा फोन उचलून सर्जनना सांगायला हवं होतं. फोन दोन हातांवर होता.

टाके काढायच्या दिवशी हिरडी मिटलेली नव्हती. कडा पांढरट पडल्या होत्या आणि मधल्या फटीतून स्क्रू चकाकत होते. सर्जन आरसा धरून बराच वेळ बघत राहिले. पुढचे दोन महिने औषधाच्या गुळण्या झाल्या, साफसफाई झाली, पण फट काही भरेना. शेवटी दोन स्क्रू हलायला लागले, ते काढावे लागले. सासूबाई तोंडाला पदर लावून बसायला लागल्या, घरातसुद्धा.

त्यानंतरच्या खेपेला नवरा बरोबर होता. सर्जननी आम्हा तिघांना बसवलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. छेद मी चुकीच्या जागी दिला. यापुढे असा छेद मी कोणालाच देणार नाही. तुमची हरकत नसेल तर हे फोटो विद्यार्थ्यांना दाखवीन, माझी चूक म्हणून."

"ऐकलंस?" नवरा मराठीत मला म्हणाला. "स्वतःच कबूल करतोय तो! उद्याच लॉयरला फोन करतो. आईच्या तोंडाची वाट लावलीय याने, सोडत नाही त्याला."

"काय म्हणतायत ते?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कोणीच उत्तर दिलं नाही.

एक सज्जन माणूस माझ्या एका शब्दापायी कोर्टात उभा राहणार होता. मी धीराची बाई नाही, पण तेवढं मला झेपणारं नव्हतं. मी इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मशेरी म्हणजे काय, किती वर्षांची, आणि टाक्यांनंतर पाचव्या दिवसापासून पुन्हा.

सर्जननी फाइल उघडून तो फॉर्म काढला. "त्या नाही म्हणाल्या होत्या," ते म्हणाले.

"त्यांना मी विचारलंच नाही. नाही मी म्हटलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "छेदामुळे बिघडलं की तंबाखूमुळे," ते हळूच म्हणाले, "हे आता मला कधीच कळणार नाही."

नवरा आईकडे वळला आणि फॉर्मवरचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं त्याने तिला मराठीत सांगितलं. "आई, तू माझी शपथ मोडलीस?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. "पहिल्या दिवशी त्यांनी तंबाखूचं विचारलं होतं?"

"हो, आई."

"मग मला का नाही विचारलंस? मी सांगितलं असतं. डॉक्टरपासून कोण लपवतं? तोंड माझं होतं ना गं."

लॉयरचा विषय तिथेच संपला. सासूबाईंनी मशेरी सोडली, या वेळी कोणी शपथ न घालता. हिरडी सावकाश भरत आली, उरलेले तीन स्क्रू टिकले आणि त्यांवर घट्ट बसणारी नवी कवळी मिळाली. पुढच्या दिवाळीला त्या सगळ्यांबरोबर पंगतीत जेवल्या.

पण त्यानंतर डॉक्टरकडे जायचं असलं की नवऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागे. दुभाषी अजून मीच होते. डॉक्टर बोलत, मी मराठीत सांगे, सासूबाई नीट ऐकून घेत आणि मग मुलाकडे वळून विचारत, "असंच म्हणाले ना रे ते?"