तांबड्या घेवड्याचं वाण वाटून झालं

मंगळवार पेठेतल्या बायकांनो, आधी हे वाचा, मग आमटी टाका.

मी पिकांच्या जुन्या जातींवर संशोधन करते. पाऊस लांबला तरी तग धरणारा एक तांबडा घेवडा गारगोटीकडच्या एका आजींनी मला दिला होता. "एवढाच उरलाय, जप," म्हणाल्या होत्या. लॅबचा फ्रीज बंद पडला म्हणून तो मी घरी आणून कपाटात ठेवला. बारा पुड्या, प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात 'वाण'.

परवा सासूबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आज सकाळी बघते तर कपाट रिकामं.

"तूच लिवलंतंस की वाण म्हणून," त्या म्हणाल्या. "मी वाटलं."

दुपारपर्यंत नऊ घरं पालथी घातली. "आमटीत गेला की वहिनी, चव लई भारी हुती," सगळीकडे हेच. आजी गेल्या वर्षीच वारल्या. हे बी दुसरीकडे कुठेच नाही.

उरलेल्या तीन पुड्या कुणाला दिल्या, ते सासूबाईंना आठवत नाही. तुमच्याकडे आलीय का? भिजत घातला असेल तरी चालेल, तसाच ठेवा आणि मला कळवा. भिजलेलं बी उगवतं. शिजलेलं नाही.