यादीबाहेरचं ताट

नाताळच्या फराळाची यादी माझी, आणि ताटं पोचवायचे आमच्या सांगलीच्या चर्चची घंटा वाजवणारे म्हातारबा. प्रार्थनेत ते गप्प असत. ‘आमेन’ मात्र सगळ्यांच्या आधी. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी एक ताट जास्त मागितलं, शेजाऱ्यासाठी. हाच शेजारी त्यांना नळावर पाणी भरू देत नव्हता.

“तो यादीत नाही. आणि त्यानं ताट भिरकावलं तर?”

“देव आपल्यात ऱ्हातो म्हंता न्हवं, बाई? मग त्यो काय यादी बघून भाईर पडतो व्हय?”

मी आणखी एका ताटात करंज्या वाढल्या.

संध्याकाळी म्हातारबा ताट परत घेऊन आले. रिकामं ताट कसं पाठवायचं, म्हणून शेजाऱ्यानं त्यात गुळाचा खडा ठेवला होता. म्हातारबांच्या दुसऱ्या हातात नळावर भरलेली कळशी होती.