आत्या, काकू, मावशी आणि बर्फ

आत्याने मला बजावलं होतं, "इथलं बोलणं इथंच ठेवायचं, मनू." मी मान डोलावली होती. खरं तर मी कुणाला काही सांगणारी मुलगी नाही. वर्गात माझं "हजर" इतकं हळू असतं की बाई माझं नाव दोनदा घेतात. घरीही तेच. मी कोपऱ्यात गणितं सोडवत बसले की आत्या आणि तिच्या मैत्रिणी माझ्यासमोर काहीही बोलतात, जणू मी कपाट आहे. पण कपाटात तरी किती कोंबणार? कधीतरी दार उघडणारच!

तर या तिघी. नंदाआत्या शाळेत शिकवते. शबाना मावशीचं शिलाईचं दुकान आहे. कुसुम काकू पिठाची गिरणी चालवतात. काका गेल्यापासून त्या एकट्याच बघतात. तिघी लहानपणापासून एका वर्गातल्या.

आमचं गाव पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. माझ्या बाकावरची मनीषाही आईवडिलांबरोबर जाते आणि परत येते तेव्हा आमची अर्धी पुस्तकं संपलेली असतात. अशा मुलींना गावातच राहता यावं म्हणून वसतिगृह बांधायला घेतलं होतं, ते पैशांअभावी जोत्यावरच अडकलं. तेव्हा तिघींच्याच वर्गातला, आता परदेशात असलेला एक डॉक्टर फोनवर म्हणाला, "इकडे लोक ध्रुवाच्या बाजूला बर्फातून ट्रेक करतात आणि त्यावर देणग्या मिळवतात. तुम्ही तिघींनी पूर्ण केलात, तर वसतिगृह आमचा ग्रुप बांधून देईल. प्रवासाचं मी बघतो. पण एकीनेही माघार घेतली तर काही नाही हं!"

त्याला वाटलं, या हसतील. आत्या म्हणाली, "स्वेटर कुठून घ्यायचा ते सांग."

*

गल्लीत बातमी पसरली. बर्फ किती, थंडी किती, अस्वलं असतात का, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच.

"तिकडं उतरनार कुनाच्या घरी?"

"कुणाच्याच नाही. तंबूत राहणार," आत्या म्हणाली.

"म्हंजी आपलं कुनीच न्हाई तिथं? मग जाता कशाला?"

*

बर्फावर सामानाची घसरगाडी कमरेला बांधून ओढायची असते. सराव म्हणून तिघी पहाटे कमरेला दोर लावून ट्रॅक्टरचे जुने टायर ओढायला लागल्या, थेट शाळेपासून देवीच्या टेकडीपर्यंत. त्या रस्त्याला चढ चांगला आहे, एवढंच कारण!

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आडवी आली आणि आत्याच्या पाया पडली. तिसऱ्या दिवशी टायरला झेंडूचा हार. आत्या लाजून समजावत राहिली, "अहो, हा नवस नाही, व्यायाम आहे."

"व्हय व्हय. नवस काय बोलला ते सांगायचं नसतंय."

शेवटी कुणीतरी शबाना मावशीलाच बाजूला घेतलं. "ताई, पोराला नोकरी लागंना. टायर ओढायचा तर मोठा ओढावा का बारका?"

मावशी गंभीरपणे म्हणाली, "पोरालाच ओढायला लावा."

*

थंडीचा सराव करायचा तर थंडी हवी. मार्चमध्ये आमच्याकडे ती कुठून आणणार? मावशीच्या ओळखीने नगरच्या एमआयडीसीत एका आइस्क्रीम कारखान्याची कोल्ड रूम मिळाली. तिघी जाड कपडे चढवून आत गेल्या आणि आइस्क्रीमच्या खोक्यांमध्ये तंबू ठोकून बसल्या. काकूंनी तर आत बसून शेंगदाणे सोलले. कुणाला काही झालं नाही.

बाहेर आल्या, दुपारचं ऊन लागलं आणि काकू तिथंच चक्कर येऊन पडल्या!

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय करत होता?"

"ध्रुवाची तयारी," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी काकूंच्या आधी आत्याचाच ताप बघितला.

*

काकूंचा नियम आहे, अंघोळ झाल्याशिवाय चहा नाही. बर्फात अंघोळ कशी करणार? तिकडे पोचल्यावर पहिल्या सकाळी त्या चहाचा कप समोर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. बरोबरची गाइड नॉर्वेची, तरुण मुलगी. तिला वाटलं, यांना चहा आवडला नाही. तिने कॉफी आणली. मग सूप आणलं. काकू मान हलवत राहिल्या.

शेवटी त्यांनी बर्फ वितळवून चमचाभर पाणी डोक्यावर शिंपडलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "झाली अंघोळ. आता तिन्ही द्या."

*

शेवटच्या दिवशी वादळ येत होतं. गाइडने आधीच सांगितलं होतं: वादळाच्या आत तिघी शेवटच्या झेंड्यापलीकडे गेल्या, तर ट्रेक पूर्ण. नाहीतर ती सगळ्यांना बर्फावरच्या गाडीत घालून परत नेणार.

झेंडा समोर आला. काही पावलंच उरली होती. आत्या थांबली, शबाना मावशी थांबली आणि दोघी काकूंना म्हणाल्या, "तू हो पुढं."

काकू मागे सरकल्या. काका गेल्यापासून वास्तुशांत असो की लग्न, त्या दारापाशीच उभ्या राहतात. "मी न्हाई. चांगल्या कामात माझं पाऊल पहिलं नको. तुमी व्हा."

"मग आमी बी न्हाई," म्हणत मावशी चक्क घसरगाडीवर बसली.

गाइड आकाशाकडे बोट दाखवून ओरडत होती. तिला कळेना, झेंडा समोर असताना या बायका भांडतायत कशाला!

"अगं येड्यांनो, वादळ आलं! पोरींचं वसतिगृह जाईल की!"

"जाईल तर," आत्या म्हणाली. "टाक मग पाऊल."

"आन् वाईट काय झालं म्हंजी?"

"बर्फ बाटतोय व्हय तुझ्या पायानं?" मावशी बसूनच म्हणाली.

 काकूंनी डोळे मिटले आणि झेंड्यापलीकडे पाऊल टाकलं. उजवंच. नंतर वळल्या, कमरेवर हात ठेवले आणि बोटाने सगळ्यांचे पाय दाखवत म्हणाल्या, "या आता आत. आन् बूट तिथंच झटका, लई बर्फ आनताय!"

"व्हॉट डिड शी से?" गाइडने विचारलं.

मावशीचं इंग्रजी बेताचंच. "शी सेज, वेलकम."

पण गाइडने ते बोट बघितलं होतं. सर्वांत आधी तिनेच वाकून आपले बूट झटकले, मग आत्याने, मग मावशीने, सगळ्या झेंड्यापलीकडे आल्या आणि तेवढ्यात काकूंच्या लक्षात आलं की आपण स्वतः बूट न झटकताच...

"मनू! कुणापाशी एवढी बडबडतेस गं?"

आत्या! आले, आले! मी तर नुसती