हरणाऱ्या संघाचा एक हंगाम आणि अरविंददादा

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. नाशिकहून त्या एरवी शुक्रवारीच फोन करायच्या, कुवेतमध्ये आम्हाला त्या दिवशी सुट्टी असते म्हणून. सोमवारी सकाळी त्यांचं नाव दिसलं आणि हात थांबलाच माझा. "शुभा, हे गेले गं," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन बाल्कनीत आले, तर खुर्चीतच..."  खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो, निदान ते घरी होते, हा. बासष्ट वर्षांचा माणूस असा बसल्या बसल्या जातो आणि आपल्याला बरं कसलं वाटतं, म्हणून मग स्वतःचीच लाज वाटली. पण गेल्या वर्षीचे ते महिने ज्यांनी पाहिले, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

वहिनींचे यजमान अरविंद देशमाने, म्हणजे आमचे अरविंददादा, कुवेतमधल्या महबूल्यात आमचे समोरच्या दारचे शेजारी. मूळ नाशिकचे, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, एका कंत्राटदार कंपनीत सव्वीस वर्षं. प्रसाद, माझा नवरा, बँकेत आहे. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा गॅस सिलिंडर कुठे मिळतो इथपासून इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, रांग कुठल्या खिडकीशी लागते इथपर्यंत सगळं दादांनी शिकवलं. मोजकं बोलायचे. कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी "असं बघ" म्हणायचे आणि खिशातलं पेन काढून समोर असेल त्या कागदावर रेघ मारायचे. माझी कितीतरी किराणा सामानाची बिलं त्यांच्या आकृत्यांनी भरलेली असायची.

गेल्या ऑगस्टच्या शेवटी ते निवृत्त होऊन कायमचे परत निघाले. सामानाचा कंटेनर आधीच गेला होता, वहिनीही पुढे गेल्या होत्या. आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं, नमस्कार केला, मी रडून घेतलं. घरी येऊन जेवायला बसलो तर बेल वाजली. दारात दोन बॅगा घेऊन दादा उभे. "शुभा, पाणी दे," एवढंच म्हणाले. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने स्क्रीनकडे बघून मान हलवली होती. त्यांच्या नावावर प्रवासबंदी होती. तुम्हाला देश सोडता येणार नाही, का ते तुमच्या कंपनीला विचारा.

का, ते त्यांना विचारावं लागलं नाही. मार्चमध्ये दुरुस्तीसाठी प्लान्ट बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या वेळी एका टाकीत मल्लेश नावाचा तेलंगणातला कामगार गुदमरून गेला होता. टाकीत माणूस उतरवण्याआधी एक परवाना लिहितात. आतली हवा तपासली, बाहेरून येणाऱ्या सगळ्या लाइन बंद करून व्हॉल्व्हला टाळं लावलं, असं त्यावर असतं आणि खाली सह्या असतात. त्या दिवशी एका व्हॉल्व्हला टाळं नव्हतं आणि तिथून नायट्रोजन आत येत राहिला. परवान्यावरची शेवटची सही दादांची होती. चौकशी झाली होती, त्यांचा जबाब झाला होता, आणि तुमचं काम संपलं असं त्यांना सांगण्यातही आलं होतं. आता खटला उभा राहिला होता आणि त्यात त्यांचं नाव होतं.

कंपनीने फ्लॅट तेवढा राहू दिला. पण त्यात होतं काय? पडद्यांचे गज आणि भिंतीवरचे फ्रेमचे चौकोनी डाग. आम्ही गादी दिली, दोन ताटं, एक पंखा दिला. काम देता येत नाही म्हणून त्यांना रोज गावाबाहेर अम्गऱ्याला, कंपनीच्या यार्डात एका पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये बसवत. आजूबाजूला परांचीच्या गंजक्या पाइपांचे ढीग. सकाळी सात ते चार तिथे बसायचं, मग परत यायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी तारीख पडायची आणि पुढे जायची. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा मंदूब, एक हसतमुख इजिप्शियन, दर वेळी म्हणायचा, "बुक्रा, इन्शाल्ला." बुक्रा म्हणजे उद्या. दादा म्हणायचे, "सव्वीस वर्षांत एवढं एकच अरबी मला धड कळलं, आणि तेच खोटं निघालं."

याच सुमारास अमेरिकेतला फुटबॉलचा हंगाम सुरू झाला. आपला फुटबॉल नव्हे, तो त्यांचा, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा, लांबट चेंडूचा. दादांची मुलगी केतकी इथेच वाढली आणि शिकायला म्हणून गेली ती तिकडच्या उत्तरेकडच्या एका थंड शहरात राहिली. बापलेकीत बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. जेवलीस का, हो, बाबा, आय हॅव अ मीटिंग... एका भेटीत तिने त्यांना सामन्याला नेलं आणि दादांना तो खेळ आवडला. का, तर तिथे मोजतात म्हणून! चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि शंका आली की दोन माणसं साखळी घेऊन मैदानात येऊन मोजतात. "असं बघ, एवढ्या धसमुसळ्या खेळात बोटभर अंतरासाठी सगळे गप्प उभे राहतात," ते सांगायचे. तेव्हापासून दोघांचं बोलणं त्या एका संघाबद्दल व्हायचं, पण व्हायचं. आमच्या घरात तो 'केतकीचा संघ' म्हणूनच ओळखला जाई. बाबा निवृत्त झाल्यावर आपल्याकडे राहायला येणार म्हणून तिने त्या वर्षी घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांची शेजारशेजारची दोन तिकिटं काढली होती.

रविवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला दादा आमच्याकडे येत. त्यांच्या फ्लॅटमध्ये ना टीव्ही होता ना इंटरनेट. मी पिठलं-भात किंवा थालीपीठ करायची. प्रसाद दुसऱ्या दिवशीच्या ऑफिसच्या नावाने कुरकुरायचा आणि शेवटपर्यंत बसायचा. केतकी मैदानातून फोटो पाठवायची. शेजारच्या खुर्चीवर तिची बॅग आणि कोट. संघ पहिला सामना हरला, दुसरा हरला, तिसरा हरला. ज्याच्यावर सगळी मदार होती तो मुख्य खेळाडू, सगळ्यांना चेंडू फेकून देणारा, गुडघा धरून बाहेर गेला तो परत आलाच नाही. हरायच्या तऱ्हाही एकेक. एकदा शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत पुढे होते आणि एकाच्या हातून चेंडू निसटला, ज्याला साधं धरून बसायचं होतं त्याच्या. दादा टीव्हीला म्हणाले, "अरे, काही करू नकोस ना! नुसता धरून बस!" 

दिवाळी आली. वहिनी नाशिकच्या नव्या घरात एकट्या खोकी उघडत होत्या आणि व्हिडिओ कॉलवर विचारत होत्या, "तुमचे स्वेटर कुठल्या खोक्यात आहेत?" दादा म्हणाले, "राहू दे, इथे कुठे थंडी आहे?" हसण्यासारखं होतं, आम्ही हसलोही. पण नंतर मी त्यांच्याकडे फराळाचा डबा द्यायला गेले तर दार उघडंच होतं आणि दादा रिकाम्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे होते. नुसते उभे. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "खिडकीत गेलं की विमानं दिसतात गं." समुद्रावर रोज फिरायला जायचे तेही त्यांनी बंद केलं. चालत चालत टोकापर्यंत जायचं आणि तिथून वळायचंच असतं, त्याचा त्यांना राग यायला लागला होता.

मग नोव्हेंबरातला तो रविवार. तिकडे बर्फ पडत होता, संघ वाईट हरत होता, अर्धं मैदान रिकामं झालं होतं. केतकीने मध्यंतरात फोन केला. वाऱ्याने तिचा आवाज फाटत होता. दादांनी फोन स्पीकरवर टाकला.

"जा गं घरी," ते म्हणाले. "आजारी पडशील. संपलंय हे."

"तुम्ही जाऊ शकता का घरी?" ती म्हणाली. "नाही ना? मग मी पण नाही जाणार. आय ॲम सिटिंग हिअर, बाबा."

फोन बंद झाल्यावर दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला. प्रसाद आत पाणी आणायला गेला होता. माझ्याकडे न बघताच ते बोलायला लागले. "शुभा, कायद्याने मी सुटेन. टाळं लावायचं काम दुसऱ्या गटाचं होतं, 'लावलं' अशी त्यांची सही माझ्या सहीच्या वर आहे. वकील म्हणतो, काही होणार नाही. पण असं बघ..." पेन काढलं, कागद मात्र शोधला नाही. "शटडाऊनमध्ये रोज ढीगभर परवाने यायचे. वर चढून एकेक बघायचं असतं. मी खालीच टेबलाशी बसून सह्या करत होतो. गुडघा दुखत होता त्या दिवशी. चढलो असतो तर तो व्हॉल्व्ह शिडीसमोरच होता. दिसलाच असता." मी म्हटलं, दादा, सगळेच तसं करत असतील. ते म्हणाले, "हो. सगळेच करतात." आणि पुन्हा आवाज वाढवला.

मला वाटायचं हा माणूस कुवेतात अडकला आहे. त्या संध्याकाळी कळलं की विमान मिळालं असतं तरी ते सुटले नसते.

पुढच्याच आठवड्यात, कसं कोण जाणे, संघ जिंकला! दादा इतके उसळून उठले की टीपॉयवर पाय आपटला, चहा सांडला, आणि फोनवर केतकी तिकडे किंचाळत होती, इकडे हे लंगडत हसत होते. डिसेंबरात आणखी एकदा जिंकला. सतरा सामन्यांच्या त्या हंगामात एवढंच काय ते हाती लागलं. आणि मग नाताळनंतर, कुणाला अपेक्षा नसताना निकाल लागला. देशमान्यांवर दोष नाही. मंदूब या वेळी खरंच दुसऱ्या दिवशी आला, बंदी उठल्याचा कागद घेऊन.

शेवटचा सामना केतकीच्या गावात होता, आठ दिवसांवर. दादांकडे अमेरिकेचा व्हिसा होता, तिने कुवेतहूनच निघायचं विमानाचं तिकीट काढून पाठवलं. मी मफलर आणून ठेवला. दादांनी तिकीट पाहिलं, फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मला आधी करीमनगरला जायचंय." मल्लेशचं गाव तिथून जवळ. मी म्हटलं, "दादा, आधी लेकीकडे जा. ती चार महिने तुमच्यासाठी बर्फात बसलीय. तिकडे नंतर जाता येईल." ते म्हणाले, "नंतर गेलो तर जाणार नाही, शुभा. मी मला ओळखतो."

केतकीला त्यांनी आमच्या समोरच सांगितलं.  ती म्हणाली, "द वन टाइम, बाबा. फक्त एकदा मी काही मागितलं." आणि फोन ठेवला. दादांनी तो टेबलावर उपडा केला. त्या रविवारी आम्ही सामना लावला नाही.

करीमनगरची हकिगत त्यांनी मला नंतर नाशिकहून फोनवर सांगितली. मल्लेशची बायको राजव्वा बिड्या वळत ओसरीत बसली होती. तिचा भाऊ पूर्वी आखातात होता, त्याने हिंदी-तेलुगू केलं. दादांनी सांगितलं, मी तो सही करणारा. वर जाऊन बघायचं होतं, गेलो नाही. ती चिडली नाही, रडलीही नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला बघितलं होतं का?" दादा खरं बोलले, नाही. परवान्यावर नाव होतं, चेहरा माहीत नव्हता. ती उठून आत गेली, भिंतीवरचा फोटो काढून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. भावाने भाषांतर केलं, "बोलती है, अब देख लो." 

"मग?" मी विचारलं.

"मग काय... बघत बसलो. ती बिड्या वळत होती. दुपारभर तिने तो फोटो परत घेतला नाही. निघताना मीच तिच्या हातात दिला." पुढे म्हणाले, "तिने माफ केलं असं समजू नकोस. तसं काही ती म्हणाली नाही."

केतकीने दोन महिने त्यांचा फोन घेतला नाही. मार्चमध्ये ती न सांगता नाशिकला येऊन धडकली. वहिनी सांगत होत्या, पहिले दोन दिवस बापलेक एकमेकांना टाळत होते. तिसऱ्या दिवशी दादांनी तिला बसवून टाकीची आकृती काढून दाखवली. शिडी, व्हॉल्व्ह, खालचं टेबल. राजव्वाबद्दलही सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हे मला आधी सांगायचं ना, बाबा." ते म्हणाले, "तू हरलेला सामना शेवटपर्यंत बघतेस. तुला सांगायला हवं होतं." त्यानंतर ती आठवडाभर राहिली. मे महिन्यात दादा गेले.

महबूल्यात समोरच्या घरात आता केरळचं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे सोफा आहे, पडदे आहेत, लहान मूल आहे. दादांचं तिथे काही उरलेलं नाही.

वहिनींचा फोन आल्यानंतर तीन आठवड्यांनी शाळेची सातवीची सहल होती, विज्ञान केंद्रात. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पोरं बसमध्ये बसून ओरडत होती. सुपरवायझरने माझ्यापुढे फॉर्म धरला. त्यावर छापलेलं होतं, बस तपासली, आपत्कालीन दरवाजा चालू, खाली शिक्षकाची सही. दर वर्षी करते तशी मी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं. बसमध्ये चढले, पोरांच्या दप्तरांवरून वाट काढत मागपर्यंत गेले. ड्रायव्हर पुढून ओरडला, "मॅडम, सब ठीक है, साइन कर दो, लेट हो रहा है!" मी आपत्कालीन दरवाजाचा दांडा खाली ओढला. तो घट्ट होता, दोन्ही हात लावावे लागले. गरम वारा एकदम तोंडावर आला. दार उघडलं होतं. ते बंद केलं, खाली उतरले आणि सही केली.