वीतभर झोळ

बेज्जूरच्या पुढे, प्राणहितेच्या काठावर आमची पूर-मदत तुकडी तंबू ठोकून होती. ऐंशीच्या दशकातला एक ऑगस्ट. मी सिग्नलचा हवालदार. एक रेडिओ सेट काठावर माझ्याकडे, एक नदीच्या वरच्या अंगाला चौकीवर, एक बोटीवर. बोटीवरचा ऑपरेटर लान्स नायक दत्तू माझ्याच गावचा, नार्नूरचा. चारचौघांत तो मला 'उस्ताद' म्हणे, एकटे असलो की 'भाऊ'.

आदल्या दिवशी बोटीचा अँटेना फांदीत अडकून मोडला होता. सकाळी ०७०० वाजता आम्ही नवा बसवायला घेतला. अँटेना मागे, सेट पुढे, मधे बोटीच्या कडेकडेने केबल. सेटच्या प्लगजवळ केबलला वीतभर झोळ दिला. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं. झोळ असला की तिथेच ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही.

०९०० वाजता तुकडीची शिस्त बघणारे अधिकारी, अ‍ॅडज्युटंट, आले. ११०० ला एक मोठे साहेब पाहणीला येणार होते.

"ये क्या लटक रहा है?"

"सर, पानी टपकने के लिए."

"हवालदार, ढीली पैंट और ढीली केबल, दोनों फौज में नहीं चलतीं."

"येस सर."

फौजेत केबल दोन प्रकारची असते, इन्स्पेक्शनची आणि कामाची. साहेब गेले की पहिली सोडून दुसरी बांधायची, हा कुठेच न लिहिलेला नियम सगळे पाळतात. मीही त्यावर भरवसा ठेवला. झोळ काढला, केबल ताणली, कोपऱ्यात काटकोन केला. दत्तू पांढरी टेप गुंडाळत होता.

"भाऊ, हे काऊन करून राह्यलो आपन? पानी सरळ सेटच्या तोंडात जाईन."

"साहेब गेले की सोडू."

"सायब जाईन. पानी थांबीन का?"

११०० चे साहेब १२४० ला आले. तीस पावलांवरून, छत्रीखालून त्यांनी बोट पाहिली. "व्हेरी स्मार्ट," म्हणाले आणि भजी कुठल्या तेलात तळली ते विचारलं. तेवढ्यात निरोप आला की पलीकडच्या टेकाडावर पाच माणसं अडकलीत, पाणी चढतंय.

मी अ‍ॅडज्युटंटना म्हणालो, "सर, दस मिनट. केबल ठीक करता हूँ."

"साहब के सामने? बोट निकलेगी."

१२५५ ला बोट निघाली. दत्तूने साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला. मग माझ्याकडे बघून पांढऱ्या टेपवर दोन बोटं टेकवली आणि हसला.

१३०५ ला वरच्या चौकीने वाहत येणाऱ्या ओंडक्यांचा इशारा दिला. "कंट्रोल, सागवान के लट्ठे आ रहे हैं. पूरा ढेर. ओव्हर."

"बोट वन, किनारे लगो. लट्ठे आ रहे हैं. ओव्हर."

खरखर.

"बोट वन, किनारे लगो. ओव्हर."

अकरा वेळा हाक दिली. पावसाच्या पडद्यात बोट दिसत नव्हती, त्यामुळे काठावरची लाल झेंडी आम्हीच हलवत होतो आणि आम्हीच पाहत होतो.

टेकाडावरची पाचही माणसं चार वाजता, शेजारच्या तुकडीकडून सेटसकट मागवलेल्या दुसऱ्या बोटीने आणली. तिची केबल मी स्वतः सोडून, झोळ देऊन पुन्हा बांधली होती. आमच्या उलटलेल्या बोटीचा चालक दोन मैल खाली एका ओंडक्याला धरून सापडला. म्हणाला, "दत्तू प्लग खोल के बनियान से पोंछ रहा था. सिर नीचे था. लट्ठा देखा ही नहीं."

दत्तू तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'हवामानामुळे संपर्क तुटला'. वाक्य बिनचूक होतं. खाली माझीही सही आहे.

नव्वद सालानंतर मी पेन्शनवर नार्नूरला आलो. दत्तूच्या घरी टीव्ही आला, तेव्हा छपरावर अँटेना लावायला त्याच्या वडिलांनी मला बोलावलं. वायर खिडकीतून आत घेण्याआधी मी वीतभर सैल सोडली. खालून काका बघत होते.

"काऊन ढिली ठेवली रे? तान ना."

"पाणी गळायला, काका. आत येत नाही मग."

ते खिडकीशी येऊन ती सैल वायर चाचपू लागले.

"दत्तूले मालूम होतं का हे?"

"हो," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा जास्त."